गल्लीचं शिळं पाणी

सदर महिला नामे इंदूबाई भ्र. सुखदेव मुनेश्वर, वय अंदाजे साठ (आधार कार्डानुसार जास्त, स्वतःच्या म्हणण्यानुसार कमी), राहणार मौजे वडगाव, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, ही कापसाच्या जुन्या जिनामागच्या गल्लीत नळाची पूर्वसूचना देणे, साठवणुकीवर देखरेख ठेवणे व पाण्याच्या अपव्ययास आळा घालणे या कामी जबाबदार व्यक्ती आहे. या पदावर तिची कोणीही नेमणूक केलेली नाही. पदास वेतन, भत्ता अगर खुर्ची नाही. कार्यालय तिच्या स्वतःच्या ओट्यावर असून ते सहसा रिकामे आढळते, कारण पदाधिकारी एका जागी बसत नाही. साधनसामग्री : उजवा कान व उजवा तळहात. सदर महिलेच्या घरी एक अधिकृत नळजोडणी असून ती कागदोपत्री चालू स्थितीत आहे.

तालुक्यात वडगावं पुष्कळ आहेत. हे त्यातलं एक. गल्ली उताराची आहे. पाइप खालून येतो, म्हणून पहिलं घर भीमराज वानखडेचं, आणि शेवटचं, चढावरचं, इंदूबाईचं. नळ सुटला की खालची सगळी घरं एकदम तोट्या उघडतात. मधल्या घरांपर्यंत येता येता पाणी दमतं, आणि इंदूबाईच्या दारापर्यंत फक्त पाइप पोचतो. तिच्या नळाला ती भाजीची पिशवी टांगते. पिशवीसाठी जागा उत्तम आहे. सावली आहे, उंची बरोबर आहे, आणि ओली होण्याची भीती नाही.

मग इंदूबाई पाणी कुठलं वापरते, तर गल्लीचं शिळं.

नळ आठवड्याने येतो, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. आणि या गल्लीत एक नियम आहे, जो कुठे लिहिलेला नाही आणि म्हणूनच कडक पाळला जातो : नवं पाणी आलं की जुनं ओतून द्यायचं. कालपर्यंत जे पाणी पिण्याचं होतं, ज्याचा एक गडवा जास्त सांडला म्हणून घरात बोलाचाली झालेली असते, ते नळाने पहिला खोकला काढताच शिळं होतं. शिळ्यात नवं मिसळलं तर नवंही शिळं होतं, असं भीमराजच्या बायकोचं, ममताचं, मत आहे, आणि गल्लीत या विषयावर दुसरं मत नाही. त्यामुळे आठवडाभर थेंबाथेंबाने वापरलेलं पाणी आठवड्याच्या शेवटी ड्रमने नालीत जातं. ड्रम राखेने घासायचे, पालथे घालायचे, कोरडे करायचे, आणि मग पुन्हा तेच पाणी, त्याच विहिरीचं, त्याच पाइपातलं, त्यांत भरायचं.

इंदूबाईला हे बघवत नसे. पहिल्यांदा ती ममताच्या दारात बादली घेऊन उभी राहिली, तेव्हा ममता नव्याने लग्न होऊन आलेली होती.

"ओतायचंच हाय त माह्या बादलीत ओत न वं."

"शिळं हाय बाई ते."

"शिळी त मी बी हाय. आमचं जमते."

तेव्हापासून ओतण्याच्या दिवशी इंदूबाईच्या बादल्या खालपासून वरपर्यंत फिरतात. पण नळ आल्यावर बायकांना घाई असते. एका हाताने ड्रम घासायचा, दुसऱ्या हाताने नळी धरायची, अशात कोण कोणाच्या बादलीत नीट ओतणार; जे जवळ असतं त्यात, म्हणजे नालीत, ओतलं जातं. त्यावर इंदूबाईने उपाय काढला. ती नळ यायच्या आधीच सांगू लागली.

त्याची रीत अशी. भीमराजचं घर पहिलं, म्हणून त्याच्या अंगणातल्या नळाजवळ जायचं. पाणी यायच्या आधी पाइपातली हवा पुढे ढकलली जाते आणि तोटीतून खर्र असा आवाज निघतो. तो कानाने ऐकायचा. मग तोटीच्या तोंडावर तळहात ठेवायचा. तळहात बाहेर ढकलला गेला तर पाणी येतं आहे. आत ओढला गेला तर पाइप रिकामा होतो आहे, पाणी चाललं आहे. आवाज दोन्ही वेळा सारखाच असतो. फरक फक्त तळहाताला कळतो. तळहाताने होकार दिला की इंदूबाई गल्लीकडे तोंड करून म्हणते, "येऊन राह्यलं. ओता." मग बायकांना ड्रम घासायला निवांत वेळ मिळतो, आणि इंदूबाईच्या बादल्यांना शिळं पाणी. हा करार कोणी बोलून केलेला नाही. पण तिचा शब्द आहे म्हणून तिला पाणी आहे, हे गल्लीला माहीत आहे, आणि तिला तर फारच माहीत आहे.

आणलेल्या पाण्याचं ती काय करते, हे बघण्यासारखं आहे, पण बघणाऱ्याला घाम फुटतो. भांडी तीन घमेल्यांत निघतात. आजचं तिसरं घमेलं उद्याचं पहिलं. भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं केळीला. आंघोळ ती परसात फरशीच्या तुकड्यावर उभी राहून करते, कारण तिथून उतार केळीकडे आहे. हे स्वतःच्या घरी झालं. दुसऱ्याच्या घरी ती चहाला गेली तर कप हातात घेऊन आधी न्हाणीत डोकावून येते. टीव्हीवरच्या मालिकेत एखादी सून नळ सुरू ठेवून रडू लागली, तर इंदूबाईला त्या सुनेचं दुःख दिसत नाही.

"माय, बस न घडीभर," असं कोणी म्हटलं तर ती "बसलीच हाय" म्हणते. उभी राहून.

यंदा मे महिन्यात भीमराजच्या मुलीचं, प्रियंकाचं, लग्न निघालं. मुलगा मारेगावकडचा. प्रियंका लहान असताना शिळं पाणी गडव्यात घेऊन चढावरच्या घरी पोचवायची, आणि त्यातलं अर्धं वाटेत सांडायची. इंदूबाईने तिला त्याबद्दल कधी अक्षर म्हटलं नाही. गल्लीत पाणी सांडण्याची मुभा असलेली ती एकच व्यक्ती होती.

भीमराज दारव्ह्याला एस.टी.च्या डेपोत टायर बदलण्याचं काम करतो. माणूस शांत आहे. एखादी गोष्ट फार मनाला लागली तर तो बोलायचं बंद करतो आणि कुठल्यातरी वस्तूचे नट आवळतो. लग्नाच्या आधी तो इंदूबाईच्या ओट्यावर येऊन बसला. ती अर्थातच उभी होती.

"वहिनी, टँकरवाल्याले इचारलं. त्या तारखेले त्याचा टँकर दुसऱ्या मांडवात हाय. प्याले जार सांगतले दारव्ह्यावरून. पण आंघोळी, सयपाक, भांडे, सारं नळावर हाय. हळदीच्या दिवशी नळ याची पाळी हाय, असा माहा हिशेब."

"येईन."

"कवा येईन ते तुमच्या कानावर हाय मंग."

एवढं बोलून तो गेला, आणि इंदूबाईचं उरलंसुरलं बसणंही संपलं. ती दिवसातून कितीदा उताराने खाली जाई, भीमराजच्या नळाला कान लावी, आणि वर येई. गावात नळ सोडणारा गोविंदा मोटारसायकलवरून दिसला की ती त्याला आडवी होई.

"गोविंदा, हळदीले येते न नळ?"

"वरून आलं त सोडतो न माय. मी काय खिशात घेऊन फिरतो?"

हळदीचा दिवस उजाडला. अंगणात मांडव पडला होता, मारेगावकडच्या, नवऱ्या मुलाच्या, दोन आत्या आदल्या सांजेलाच येऊन राहिल्या होत्या, आणि प्रियंका पाटावर बसली होती. हळद पहिली कोणी लावायची यावर आत्या एकमेकींकडे बघत होत्या. प्रियंकाने तो प्रश्न ठेवला नाही.

"पयला हात मोठीमायचा."

नवऱ्यामागे राहिलेल्या बाईने हळदीला हात लावावा की नाही, हा विचार भीमराजच्या घरात त्याच्या आजोबांच्या पिढीतच बंद झाला होता. इंदूबाईने दोन्ही हात परातीत बुडवले. प्रियंकाच्या गालाला हात लावला, मग दुसऱ्या गालाला लावला, आणि तेवढ्यात तिचा चेहरा बदलला. मांडवाच्या कोपऱ्यात नळ खोकला होता.

ती वळली. लोक बाजूला झाले. तिने वाकून तोटीला कान लावला. खर्र आवाज आला, मोठा, लांबलचक. तिने सवयीने उजवा हात पुढे केला आणि थांबली. हात मनगटापर्यंत पिवळा होता. पिण्याच्या पाण्याच्या तोटीला हळदीचा हात लावणं इंदूबाईसारख्या बाईला शक्य नव्हतं. हात धुवायचा तर त्याला पाणी लागतं, आणि ज्या घडीला एवढं पाणी येणार त्या घडीला गडवाभर पाणी हात धुण्यात घालवणंही तिला शक्य नव्हतं. शिवाय मागे सगळी गल्ली तिच्या तोंडाकडे बघत होती.

"येऊन राह्यलं," ती म्हणाली. "ओता."

गल्लीने ओतलं. लग्नघर असल्याने उत्साह जास्त होता. मारेगावकडच्या आत्यांनीही ओतायला हात लावला. भीमराजचे ड्रम, शेजारचे ड्रम, मांडववाल्याने दिलेले मोठे ड्रम, पितळी गुंड, घागरी, सगळं रिकामं झालं. काही इंदूबाईच्या बादल्यांत गेलं आणि पोरींनी ते हसत हसत वर पोचवलं; पण घाई इतकी होती की निम्म्याहून जास्त नालीत गेलं. राख निघाली, घासणी निघाली. थोड्या वेळात गल्लीभर ड्रम पालथे घातलेले होते, स्वच्छ, चकचकीत, कोरडे.

नळ मात्र गप्प झाला होता.

इंदूबाई त्याच्यासमोर उभी होती. मग तिने उजवा हात पदराला पुसला, नव्या पदराला, चांगला घासून पुसला, आणि तळहात तोटीवर ठेवला. हात तोटीने धरून ठेवला. आत ओढला.

तिने तो बराच वेळ काढला नाही.

"काय म्हणते?" ममताने विचारलं.

"चाललं ते. येत नाई."

कोणाला आधी समजलं नाही. समजावून सांगायला गोविंदाची मोटारसायकल आली. रस्त्याच्या कामाच्या जेसीबीने पुलापाशी मेन लाइन फोडली होती. पाणी नाल्यात गेलं, लाइन रिकामी झाली, आणि रिकामी होताना तिने गावभरच्या नळांतून हवा आत ओढली.

"उद्या होईन जोडून," गोविंदा म्हणाला. "झालं त झालं." आणि पालथे ड्रम बघून, "तुमी सगळ्याईनं ओतून कायले टाकलं पण?"

या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी गल्लीने इंदूबाईकडे बघितलं. भीमराजने पाना आणला आणि मांडवाच्या खांबाचे नट आवळायला घेतले, जे आधीच आवळलेले होते. बोलायचं काम ममताने केलं.

"सांजेले पन्नास माणूस येते, बाई. पावण्याईले काय सांगू? नवरीचे गाल पिवळे करून ठेवले, आता पुसाले पाणी नाई."

"माहा हात..."

"हात तुमचा, कान तुमचा. ओतलं आमी. आता पुढच्या खेपेपासून पाणी डोयानं दिसल्यावर ओतू. आन नालीत ओतू. कोणाची बादली नोको आन कोणाचं सांगणं नोको."

हे सगळ्यांसमोर झालं. कोणी "जाऊ दे" म्हटलं नाही. इंदूबाई चढ चढून वर गेली, ओट्यावर टेकली, उठली, परसात गेली, पुन्हा ओट्यावर आली. परसात तिचे ड्रम होते, भिंतीला लावून, झाकणं बांधून. गेल्या कित्येक आठवड्यांचं पाणी त्यांत होतं, आणि आज सकाळी पोरींनी आणून ओतलेलंही. सबंध गल्लीत भरलेले ड्रम तेवढेच उरले होते. ती पुन्हा खाली आली.

"माह्याकडे हाय," ती भीमराजला म्हणाली. ममताकडे तिने बघितलं नाही.

"शिळं," ममता म्हणाली.

"तुमचंच व्हय."

"पावण्याईच्या सयपाकाले शिळं पाणी?"

इथे आचाऱ्याने तोंड उघडलं. श्रावण त्याचं नाव. तो चुलीच्या खड्ड्याजवळ उकिडवा बसून सकाळपासून पाण्याची वाट बघत होता, आणि त्याला गल्लीच्या नियमांशी देणंघेणं नव्हतं. "वहिनी, पाणी आधनात पडलं की त्याची जात, वय काई राहत नाई. द्या आणून. नाई त मी चाललो, मले कोहळ्याची भाजी कोरडी करता येत नाई."

मग पाणी निघालं. वरून खाली. गल्लीच्या आठवणीत पाणी वरून खाली येण्याची ही पहिलीच वेळ होती. चढापासून मांडवापर्यंत बाया, पोरी, हळदीचे हात, मारेगावच्या आत्या, अशी रांग लागली. इंदूबाई वर ड्रमाशी उभी राहून गडव्याने काढून देत होती आणि प्रत्येकीला "काठोकाठ नोको, सांडते" असं बजावत होती. खाली भीमराज जुन्या धोतराच्या फडक्यातून पाणी गाळत होता आणि तुरटी फिरवत होता. रांगेतली एक म्हातारी घागरीत डोकावून म्हणाली, "हे आमच्या ड्रमातलं दिसते."

"नाव लिहेल हाय काय त्याच्यावर?"

"नाई, पण आमचं पाणी जरा पातळ असते."

रांग हसली. ममता हसली नाही. प्रियंकाला आंघोळीसाठी जी बादली गेली, ती मात्र इंदूबाईने स्वतः खाली नेली, आणि वाटेत थेंब सांडला नाही. परत आली तेव्हा तिचे ड्रम तळाला लागले होते. तिने ते तिरके करून शेवटचं पाणीही काढलं. आंघोळी झाल्या, स्वयंपाक झाला, पाहुणे जेवले, कोहळ्याची भाजी चांगली झाली असं म्हणाले. कोणाला काही कळलं नाही. इंदूबाई घरी निघाली तेव्हा ममता एवढंच म्हणाली, "लग्न होऊ द्या. मंग बोलू." हे आभार होते की नोटीस, ते इंदूबाईला ठरवता आलं नाही, आणि ज्या गोष्टी ठरवता येत नाहीत त्या तिला बसू देत नाहीत.

लग्न दुसऱ्या दिवशी, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, समाजमंदिराच्या पटांगणात होतं. सबंध गल्ली पांढऱ्या साड्यांत आणि इस्त्रीच्या शर्टांत निघाली. इंदूबाईनेही ठेवणीतली पांढरी साडी नेसली होती. पण निघताना तिने एक गोष्ट पाहिली. प्रत्येक अंगणात नळाला नळी लावलेली होती, नळीचं टोक ड्रममध्ये सोडलेलं होतं, आणि प्रत्येक तोटी पूर्ण उघडी होती. नळ येईल तेव्हा येईल, आपोआप भरेल, असा विचार. एरवी असं कोणी करत नसे. एरवी इंदूबाई सांगत असे. आता तिच्या कानावर भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येकाने आपला भरवसा उघडा टाकला होता.

"तोट्या बंद करून जा न," ती ममताला म्हणाली. "आलं त वाहून जाईन सारं."

"राहू द्या, बाई. आता ज्याचं त्यानं पाहू."

समाजमंदिरात कूलर घरघरत होते. बौद्धाचार्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि वंदना सुरू झाली. इंदूबाईने हात जोडले. प्रियंका पांढऱ्या साडीत मंचावर उभी होती, गालांवर कालची हळद अजून किंचित दिसत होती. हार अजून व्हायचे होते. इंदूबाईने ठरवलं होतं की आज कान बंद ठेवायचे. पण कान बंद ठेवले तर डोळे फिरतात. ते फिरत फिरत कूलरजवळ उभ्या असलेल्या गोविंदावर थांबले. गोविंदाने खिशातून फोन काढला. स्क्रीनकडे पाहिलं. ज्या माणसाला कोणीही जेवणाआधी लग्नातून उठवू शकत नाही, तो माणूस हात जोडलेल्या लोकांतून वाट काढत बाहेर गेला आणि त्याची मोटारसायकल सुरू झाली.

लाइन जोडून झाली होती. तो पाण्याचा व्हॉल्व्ह सोडायला चालला होता.

इंदूबाईने मंचाकडे एकदा पाहिलं. मग ती निघाली. भरल्या पटांगणातून, वंदना चालू असताना, मान खाली घालून. ममताने तिला जाताना पाहिलं आणि शेजारच्या बाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "पाहा. पोरीचे हार होईपर्यंत दम नाई. रुसून चालली."

उन्हात सबंध गाव ओलांडून इंदूबाई गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा भीमराजचा ड्रम भरून वाहत होता. मांडवाखालच्या सतरंजीला ओल चढत होती. तिने नळी ओढून बाजूच्या ड्रमात टाकली, तो भरेपर्यंत शेजारच्या अंगणात गेली, तिथली नळी गुंडात टाकली, परत आली, भीमराजची तोटी बंद केली. मग पुढचं घर. मग समोरचं. घरांना कुलपं होती, पण नळ सगळे अंगणात. भरायचं, हलवायचं, भरायचं, बंद करायचं, झाकण ठेवायचं. एकाच वेळी सहा ठिकाणी असणं हे इंदूबाईला आयुष्यभर जमत आलं होतं. त्या दिवशी प्रथमच त्याचा उपयोग झाला. पांढरी साडी गुडघ्यापर्यंत मातकट झाली. खालची तोटी बंद केली की वरच्या नळाला जोर येत होता. तिने ते पाहिलं, पण त्यावर विचार करायला ती थांबली नाही.

शेवटून दुसऱ्या घराची तोटी बंद करून ती वाकलेली सरळ झाली. गल्ली गप्प झाली होती. आणि तरी पाण्याचा आवाज येत होता. वरून. जिथून आजवर कधी आला नव्हता तिथून.

खालचे सगळे नळ बंद झाल्यावर पाण्याला जायला एकच जागा उरली होती, आणि ते चढावर चढलं होतं. इंदूबाईचा नळ धो धो वाहत होता. त्याला टांगलेली पिशवी फुगून पखालीसारखी झाली होती, तिच्यातले कांदे बाहेर येऊन ओट्यावर फिरत होते, आणि पाणी ओटा ओलांडून, केळीला टाळून, सरळ नालीत जात होतं. कोरड्या नळाची तोटी कोणी बंद करत नाही. तिनेही कधी केली नव्हती. किती वेळ वाहत होतं हे सांगता येणार नाही, पण त्या दिवशी गल्लीत सर्वांत जास्त पाणी ज्या घराने वाया घालवलं ते घर इंदूबाईचं होतं.

तिने पिशवी काढली. मग, सवयीने, तळहात तोटीवर ठेवला. हात बाहेर ढकलला गेला. तिने तो काही वेळ तसाच राहू दिला, आणि मग पळत जाऊन परसातले ड्रम ओढत आणले.

लग्नाहून गल्ली परतली तेव्हा तिचा शेवटचा ड्रम भरत होता. खाली ममता अंगणात शिरली, वाहून गेलेलं असणार म्हणून बघायला गेली, आणि भरलेल्या ड्रमांवरची झाकणं बघून उभी राहिली. तिने तोटी फिरवून बघितली. बंद होती. शेजारणीचीही बंद होती. प्रियंका मात्र थांबली नाही. सासरी निघालेली गाडी खाली उभी ठेवून ती हारासकट चढ चढून वर आली.

"मोठीमाय, मी तुले शोधून राह्यली होती तिथं."

"लागलं काय लग्न?"

"लागलं."

"बरं लागलं न?"

"तू नव्हती."

"इकडे नळ आलता."

प्रियंकाने मान हलवली. या गल्लीत वाढलेल्या मुलीला याहून जास्त खुलासा लागत नाही.

"पाणी दे न," ती म्हणाली.

इंदूबाईने गडवा भरला. "नवं हाय. माह्या नळाचं." प्रियंकाने नळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि उभ्यानेच प्यायली. निम्मं पदरावर सांडलं. इंदूबाई काही म्हणाली नाही.

मागून भीमराज आणि ममता आले. भीमराजच्या हातात जेवणाचं ताट होतं. इंदूबाईने त्यांना नळ दाखवला आणि खालच्या तोट्या बंद केल्या की पाणी वर कसं चढतं, ते हातवारे करून सांगितलं. भीमराजने लक्ष देऊन ऐकलं.

"म्हणजे वहिनी," तो म्हणाला, "तुमच्या नळाले पाणी पायजे असंन, त आमाले सगळ्याईले लग्नाले गेलं पायजे."

"मले वाटलं रुसून गेलती तुमी," ममता म्हणाली.

"रुसाले टाइम कुठं होता."

ममताने तिच्या साडीच्या चिखलाकडे पाहिलं. ताट भीमराजच्या हातून घेऊन ओट्यावर ठेवलं. वरण वाहून जाऊ नये म्हणून भाताचा बांध नीट केला.

"पुढच्या खेपेले सांगजा," ती म्हणाली. "आन बादल्या जरा लवकर आणजा. मागच्या खेपेले लय नालीत गेलं."

इंदूबाई जेवायला बसली. तिला बसलेलं बघून प्रियंका रडली, असं गल्लीत सांगतात; पण मुली निघताना रडतातच.

उपरोक्त महिला सदर पदावर कायम असून तिच्या पूर्वसूचनेबाबत गल्लीची आता कोणतीही तक्रार नाही. पुढच्या नळाला तिने आधी कान लावला, मग कोरडा तळहात ठेवला, आणि म्हणाली, "येऊन राह्यलं. ओता." लग्नाच्या दिवशी तिने भरून, झाकण लावून ठेवलेलं पाणी गल्लीने शिळं म्हणून ओतून दिलं. निम्मं बादल्यांत गेलं, निम्मं नालीत. मग सगळ्यांनी तोट्या एकदम उघडल्या, आणि पाणी चढावर चढलं नाही. पिशवी तोवर वाळली होती. ती तिने परत नळाला टांगली.